रोटाव्हेटर स्वस्त झाला, पण शाफ्टवर कव्हर आहे का?

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्यात फिरता शाफ्ट उघडा ठेवून मशीन चालवता येत नाही. फिरत्या भागांना आवरण घालायची जबाबदारी 1948 च्या कारखाने कायद्यापासून मालकावर आहे. पण वसाहतीचं कुंपण ओलांडून उसाच्या रानात या. छोट्या ट्रॅक्टरमागे रोटाव्हेटर फिरतोय आणि मधला शाफ्ट बऱ्याचदा उघडाच. इथे तपासायला कुणी येत नाही.

विषय आत्ताच का? 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि शेती अवजारांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. लाखाच्या अवजारामागे सात हजार वाचतात. शिवाय अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना राज्य सरकार मिनी ट्रॅक्टर आणि उपसाधनांसाठी 90 टक्के अनुदान देतं. म्हणजे पहिल्यांदाच ट्रॅक्टर घेणारे पुष्कळ. अनुदानाच्या कागदांची चर्चा गावभर होते, शाफ्टची कुणी काढत नाही.

पीटीओ शाफ्ट साधारण 540 आरपीएमने फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर अडकला, तर 'अरे' म्हणेपर्यंत माणूस ओढला जातो. पाय मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. प्लॅस्टिकचं कव्हर वाचलेल्या सात हजारांत आरामात बसतं. ग्रीसिंगला अडचण होते म्हणून ते काढून ठेवलं जातं आणि मग गोठ्यातच राहतं. पात्यात अडकलेला पाला काढायचा असेल, तर पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात. शेजारी पोरगं सीटवर बसलेलं असेल तर चावी खिशात हवीच हवी.

दुसरी भानगड वजनाची. पाच फुटी रोटाव्हेटर म्हणजे साधारण 35-40 एचपीच्या ट्रॅक्टरचं काम. तो 18 एचपीला जोडून हायड्रॉलिकने उचलला, की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग वळवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. ढोबळ हिशेब असा: अवजार वर असताना ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान 20 टक्के भार पुढच्या चाकांवर राहायला हवा. 800 किलोच्या ट्रॅक्टरला 160 किलो. तेवढा नसेल तर पुढे वजनं लावा, नाहीतर लहान अवजार घ्या. दुकानदार 'ओढतंय की साहेब' म्हणेल. ओढेल हो, पण बांधावर चढताना काय?

ओढकामात तर चूक अजून महाग. ट्रॉली असो की चिखलात रुतलेली गाडी, साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावायची. टॉप लिंकच्या जागी लावली, तर ओढ मागच्या अ‍ॅक्सलच्या वर येते, पुढचा भाग उचलतो आणि एक-दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकावर उलटतो.

आणि काम संपल्यावर अवजार जमिनीवर टेकवूनच ट्रॅक्टर सोडायचा. हायड्रॉलिकवर उचललेल्या रोटाव्हेटरखाली पाती बदलायला शिरायचं असेल, तर आधी भक्कम लाकडी ठोकळे लावा.