पोराला वळण लागते म्हणे!

परवा वरोऱ्याच्या बाजारात चहा पिताना शेजारचे एक गृहस्थ टपरीवरच्या पोराकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘कामावर रायते तं वळण लागते, नाई तं उनाडते ना जी!’’ चहा गोड होता, युक्तिवाद शिळा. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मुंबईचे गिरणीमालक हेच सांगत: पोरांचे काम हलके, आईबापांना हातभार, शिवाय रिकामे डोके चांगले नाही. खरी गोम वेगळीच होती. सूतकताईत भरलेल्या बॉबिनी चटाचट बदलायला लहान, स्वस्त हात लागत. कायद्याची भाषा निघाली की मालक म्हणत, हा इंग्लंडातल्या लँकेशायरचा डाव! त्यात तथ्यही होते. तिथल्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा खुपत होतीच. पण गंमत पाहा, त्याच्या पन्नास वर्षे आधी खुद्द लँकेशायरचे मालकही परक्या स्पर्धेचाच बागुलबुवा दाखवत होते. स्पर्धा शेठजींची, झीज पोरांची. अखेर १८८१ चा कायदा आला, तो असा: सात वर्षांखालच्यांना बंदी आणि सात ते बाराच्या मुलांना दिवसाला फक्त नऊ तास! आपल्याकडच्या जिनिंगवाल्यांना तेवढाही जाच नव्हता, कारण वर्षाला चार महिन्यांहून जास्त न चालणारे कारखाने कायद्याबाहेर होते. पुढे १८९१ साली किमान वय नऊ झाले, तास सात. गिरण्या काही त्यामुळे बुडाल्या नाहीत. वळणाचे कौतुक सांगणाऱ्या त्या गृहस्थांना मी एवढेच विचारले, ‘‘तुमचा नातू कोणत्या टपरीवर आहे जी?’’ ते म्हणाले, ‘‘तो कॉन्व्हेंटात जाते.’’