धुरनळीतील ‘नाक’ आणि उद्योगनगरीची कसोटी

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्याची ओळख वाहननिर्मितीची. मात्र वाहनाच्या स्वच्छतेचा निर्णय आता इंजिनाइतकाच धुरनळीतील बोटभर लांबीच्या प्राणवायू संवेदकावर अवलंबून आहे.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड वाढतो. जादा झाल्यास नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा निचरा करणे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जमत नाही. संवेदकातील झिर्कोनियाच्या एका बाजूस बाहेरची हवा, तर दुसऱ्या बाजूस धूर असतो. दोहोंतील प्राणवायूच्या फरकातून विद्युतदाब निर्माण होतो आणि त्यानुसार संगणक इंधनाचे प्रमाण सुधारतो.

मेख अशी, की सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय झिर्कोनिया नीट काम करीत नाही आणि थंड इंजिन सुरू होतानाच प्रदूषण अधिक असते. पातळ पटलाच्या तंत्राचे महत्त्व येथेच आहे. थर जितका पातळ, तितका ऑक्सिजन आयनांचा मार्ग आखूड. साहजिकच संवेदक कमी तापमानातही काम करू शकतो. परंतु असे पटल उष्णता, हादरे व धुरातील विषारी घटक यांपुढे वर्षानुवर्षे टिकविणे, ही खरी परीक्षा आहे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले आणि बहुतांश दुचाकींतून कार्ब्युरेटर हद्दपार होऊन हा संवेदक स्कूटरपर्यंत पोहोचला. १ एप्रिल २०२३ पासून मोटारींची प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाच्या कसोटीवरही पारख सुरू झाली. मागणी अशी वाढली असताना पुण्यात एआरएआय, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व सी-मेट या संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. प्रयोगशाळेतील पटल आणि भोसरीतील लघुउद्योग यांची सांगड घालणे, हे धोरणकर्त्यांचे काम होय.

दुसरी बाब नागरिकांच्या आरोग्याची. संवेदक निकामी झाला तरी गाडी धावतच राहते. पेट्रोल वाहनांच्या पीयूसी तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. तेव्हा वाहनातील दोषसूचक दिव्याची व संगणकातील नोंदींची तपासणी पीयूसीला जोडली पाहिजे. अन्यथा कारखान्यातून स्वच्छ निघालेले वाहन रस्त्यावर केवळ कागदोपत्रीच स्वच्छ राहील.