टोळी निघायच्या आधी मोबाईल भरून घ्या

दसरा-दिवाळी आटोपली की ऊसतोडीला जाण्यासाठी नेकनूरच्या वाड्यावस्त्यांवर ट्रॅक्टर लागू लागतात. पीठ, मीठ, कोयते, कोपीसाठी ताडपत्री, सगळं आठवणीनं बांधलं जातं. पोराचं दप्तर मात्र बऱ्याचदा खुंटीलाच राहतं. म्हणून आई-बापांनो, मुकादमाचा फोन यायच्या आधी एवढं ऐका.

घरी आजी-आजोबा असतील तर लेकरू गावातच ठेवा. कुणीच नसेल तर हंगामी वसतिगृहाचं काय, हे शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारा. सोबत न्यायचंच असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत ते दाखवा. दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही. २००९चा शिक्षण हक्क कायदा तसं सांगतो.

आता मोबाईलचं. तो तर तुम्ही नेणारच, मग भरून न्या. बालभारतीच्या पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो, तो क्यूआर कोड. फोनवर दीक्षा ॲप घ्या, चौकोनावर कॅमेरा धरा, धड्याचे व्हिडिओ उघडतात. कॅमेऱ्याची काच फुटली असेल तर चौकोनाखालची सहा अक्षरं टाईप करा, तेवढ्यानंही भागतं. गावात रेंज आहे तोवर धडे डाऊनलोड करून ठेवा. फडात रेंज नसली तरी ते चालतात. टोळीतल्या एकानं उतरवून घेतले तर ॲपमधूनच दुसऱ्याच्या फोनवर पाठवता येतात, नेट लागत नाही.

पुस्तकातल्या कोडची ही युक्ती सोलापूर जिल्ह्यातली. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना असे कोड जोडले, पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. पण गुरुजींनी नुसते कोड चिकटवले नव्हते. पोरं घरी कानडी बोलतात हे पाहून ते आधी कानडी शिकले. पोराला काय कळत नाही ते आधी माणसाला कळलं, यंत्र नंतर आलं.

म्हणून फोन पोराच्या हातात देऊन मोकळं होऊ नका. अर्ध्या तासात धड्याचं रील कधी होतं, कळत नाही. दिवसभर मोळ्या वाहून अंग मोडून आलेलं असतं, हे खरं. तरी चुलीपाशी भाकरी थापता थापता त्याला जवळ बसवा आणि म्हणा, "आज काय बघितलंस, मला समजावून सांग." तुम्हाला अक्षर येत नसलं तरी चालेल. तुम्हाला समजेपर्यंत सांगता सांगता धडा त्याचा पक्का होईल.