पैसे कापले, पण स्पीकर गप्प
शीळफाट्याच्या टपरीवर चहाचे पैसे यूपीआयने दिले. ग्राहकाच्या खात्यातून कापले गेले, टपरीवरचा स्पीकर मात्र गप्प. खोटे कोणीच बोलत नाही. संदेश पाठवला एवढेच पाठवणाऱ्याला कळते. तो पोचला का, हे दिसत नाही. संगणकशास्त्रात हा असिंक्रोनस संवाद. एकमेकांशी बोलणाऱ्या प्रोग्रामसाठी दे निकोला आणि हेनेसी यांनी १९८४ मध्ये दोन कसोट्या मांडल्या: एखाद्या वेळी तरी पास, आणि काहीही झाले तरी दर वेळी पास. स्पीकर एकदा वाजवून दाखवणे ही पहिली. गर्दीच्या फाट्यावर दुसरीच लावायला हवी. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार असे अडकलेले पैसे पाच दिवसांत ग्राहकाला परत, पुढे उशिराचे दिवसाला १०० रुपये. तेही ग्राहकालाच. टपरीवाल्याचा चहा तर केव्हाच पिऊन झालेला असतो.