रॅकेट घेताना कोपरालाही विचारा

थंडी सुरू झाली की आमच्या गावात गल्लोगल्ली बॅडमिंटनचे नेट बांधले जाते. दोन खांब, एक दिवा आणि चुन्याने आखलेल्या चार रेषा एवढ्यावर खेळ रंगतो. हा खेळ आपल्या मातीला परका नाही. इंग्रजांच्या काळात पुण्याच्या छावणीत तो इतका खेळला जाई की 'पूना' याच नावाने ओळखला जात असे. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा असे यश मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यामुळे लोक घराबाहेर पडून खेळताना दिसले की डॉक्टर म्हणून मला बरेच वाटते. मात्र नेट बांधल्यावर तीन-चार आठवड्यांनी दवाखान्यात दुखऱ्या कोपरांची रांग लागते. या दोन गोष्टींचा संबंध माझ्या लक्षात यायला उशीर झाला. तो कसा झाला, हे आधी सांगतो.

माझे एक जुने रुग्ण आहेत. पेशाने शिक्षक, आता निवृत्त. मधुमेह बरीच वर्षे आहे. मी त्यांना म्हणालो, "सर, गोळ्या चालूच ठेवा, पण जोडीला अंगाला घाम येईल असे काहीतरी खेळा." जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस बॅडमिंटन खेळले तरी हा हिशोब पुरा होतो. सरांनी ऐकले. माळ्यावरून मुलांच्या वेळची रॅकेट काढली आणि खेळू लागले.

तीन आठवड्यांत कोपर दुखू लागले. टॉवेल पिळताना कळ, पाण्याची बादली उचलताना कळ. दुखणे कोपराच्या बाहेरच्या बाजूला. याला आम्ही टेनिस एल्बो म्हणतो. तो व्हायला टेनिसच खेळावे लागते असे मात्र नाही. मी गोळ्या दिल्या, शेकायला सांगितले, विश्रांती सांगितली. बरे वाटले, पुन्हा खेळले, पुन्हा दुखले. असे तीनदा झाले आणि सरांनी खेळ सोडला. चार महिन्यांनी साखरेचा रिपोर्ट आला, तेव्हा आकडा चांगलाच चढला होता. सर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, खेळायची इच्छा आहे हो, पण हात साथ देत नाही."

तेव्हा कुठे मला सुचले की ती रॅकेट तरी पाहावी. दुसऱ्या दिवशी ते घेऊन आले. लोखंडी दांडीची, मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. वजन केले, तर १३० ग्रॅम भरले. मी तीन वेळा कोपर तपासले होते, रॅकेट एकदाही तपासली नव्हती. ही चूक माझी होती.

सर म्हणाले, "पण डॉक्टर, ही पंधरा वर्षे टिकली आहे." आपली समजूत अशीच असते. पातेले जाड बुडाचे घ्यावे, कपाट जाड पत्र्याचे घ्यावे, म्हणजे ते टिकते. रॅकेटला हा नियम लावला की घोटाळा होतो. नियमाप्रमाणे रॅकेट ६८० मिलिमीटरपर्यंत लांब असू शकते. एवढ्या लांब दांडीच्या टोकाला वजन जास्त असले, की प्रत्येक फटक्याला ते आवरावे लागते मनगट मागे वाकवणाऱ्या स्नायूंना, आणि हे स्नायू चिकटलेले असतात नेमके कोपराच्या बाहेरच्या हाडाला. रॅकेट पंधरा वर्षे टिकली खरी, पण तिचा मार कोपराने सोसला.

मग कमी पैशात घ्यावी कोणती? दुकानात ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. पहिला लोखंडी दांडीचा, चार-पाचशे रुपयांना जोडी मिळणारा. लहान मुलांना महिनाभर अंगणात खेळायला तो ठीक आहे. दुसरा ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा. तो हलका असतो, पण दांडी आणि फ्रेम वेगवेगळ्या असून सांध्यात जोडलेल्या असतात. तो सांधा काही महिन्यांत खिळखिळा होतो आणि फ्रेम वाकते. तिसरा ग्राफाइटचा, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचा. यात दांडी आणि फ्रेम एकसंध असते. साधी ग्राफाइट रॅकेट साधारण बाराशे ते दोन हजारांत मिळते. माझे स्पष्ट मत असे की रोज खेळणाऱ्याने दर हिवाळ्याला स्वस्त जोडी घेण्याऐवजी एकदाच ही घ्यावी. त्याहून महाग घेण्याचीही गरज नाही. पाच-सहा हजारांची रॅकेट सरावलेल्या खेळाडूंसाठी बनवलेली असते. तिची दांडी बहुधा ताठ असते आणि नवख्याच्या हातून तिचे चीज होत नाही.

दुकानात चार गोष्टी पाहाव्यात. पहिली वजन. मुठीजवळ इंग्रजी यू अक्षरापाशी आकडा छापलेला असतो. ३ यू म्हणजे ८५ ते ८९ ग्रॅम, ४ यू म्हणजे ८० ते ८४ ग्रॅम. आकडा जितका मोठा, तितकी रॅकेट हलकी. घरगुती खेळाला ४ यू उत्तम. दुसरी मूठ. रॅकेट सैलसर धरली की बोटांची टोके आणि तळहात यांत थोडी फट राहावी. मूठ बारीक वाटली तर वरून ग्रिपची पट्टी गुंडाळता येते, पण जाड मूठ बारीक करता येत नाही. तिसरी, फ्रेमच्या कडेने बोट फिरवून चीर आहे का ते पाहावे. चौथी, नामांकित कंपनीचे नाव आणि निम्मी किंमत दिसली, तर माल नकली असण्याची शक्यता धरावी आणि पक्की पावती मागावी.

आता तारांविषयी. "तार जितकी घट्ट, तितका फटका जोरात," असे मुले सांगतात. नवख्यांच्या बाबतीत हे उलट आहे. सैल तार शटलला स्वतःच उसळी देते. घट्ट तारेने नेमकेपणा येतो, पण जोर आपल्या हाताने लावावा लागतो आणि धक्का कोपरापर्यंत पोहोचतो. गटिंग करताना २० ते २२ पौंड ताण सांगावा. ०.७० मिलिमीटर जाडीची तार बारीक तारेपेक्षा जास्त दिवस टिकते. एक तार तुटली की बाकीच्या तारा त्याच दिवशी मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला कापून टाकाव्यात. तशाच ठेवल्या तर ताण एकीकडे पडून फ्रेम वाकडी होते.

रॅकेट उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये. ग्राफाइट रॅकेट बहुतेक वेळा मोडते ती दुहेरीत जोडीदाराच्या रॅकेटवर आपटून किंवा चिडून जमिनीवर मारल्याने. पहिल्यावर उपाय म्हणजे "माझे" असे मोठ्याने ओरडणे. दुसऱ्यावर उपाय दुकानात मिळत नाही.

शेवटी डॉक्टरकीचे दोन शब्द. चांगली रॅकेट घेतली म्हणजे कोपर दुखणारच नाही, असे नाही. खेळण्याआधी दहा मिनिटे अंग मोकळे करावे आणि पहिले पंधरा दिवस थोडेच खेळावे. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी तपासून घ्यावे. खेळताना छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर डाव तिथेच सोडून डॉक्टर गाठावा.

सरांनी ८२ ग्रॅमची साधी ग्राफाइट रॅकेट घेतली. दीड महिना हाताचे व्यायाम केले आणि मगच कोर्टवर उतरले. गोळ्या चालू आहेत, साखर आटोक्यात आहे. जुनी रॅकेट त्यांनी टाकून दिलेली नाही, ती पुन्हा माळ्यावर गेली आहे. मी मात्र आता कुणाला "खेळा" असे सांगितले की लगेच विचारतो, "कशाने खेळणार? उद्या येताना ते घेऊन या."