कचऱ्याचे पैसे कोणी द्यावेत?

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या वाअद बायितची सभा भरली. कचऱ्याच्या डब्यांची जागा दर आठवड्यास धुऊन घेण्यासाठी प्रत्येक घराने दरमहा दहा शेकेल अधिक द्यावेत, असा ठराव होता. "अर्नोना भरतो, मग आणखी कशाला?" असा एकच गलका झाला व ठराव फेटाळला गेला. विरुद्ध उठलेल्या हातांत आमचाही हात होता, हे येथे कबूल केलेच पाहिजे.

घरी आल्यावर विचार केला, तेव्हा या नकाराचे मूळ कंजूषपणात नाही असे वाटले. मुंबईत आपण रद्दीवाल्याला वर्तमानपत्रे, बाटल्या, डबे विकले आणि वर चार पैसे मिळविले. टाकाऊ वस्तूसाठी उलट आपणच पैसे मोजावेत, हे आपल्या मनाला पटतच नाही. येथेही बाटलीमागे तीस अगोरा परत मिळतात, म्हणून तिची पिशवी भरते. डिसेंबर २०२१ पासून मोठ्या बाटल्यांनाही ती अनामत लागू झाली आहे. जेथे हिशेब डोळ्यांना दिसतो, तेथे माणूस शिस्त पाळतो.

अर्नोनात तो दिसत नाही. तो घराच्या चौरस मीटरवर ठरतो, कचऱ्याच्या वजनावर नव्हे. म्हणून कमी टाकणाऱ्यास लाभ नाही आणि उधळ्यास तोशीस नाही. परंतु फुकट काहीच नाही. कचरा जमिनीत पुरण्यावर २००७ पासून टनामागे कर आहे. भाजीची साले आणि उरलेले अन्न यांनी वजन वाढते आणि तो भार फिरून नागरिकांवरच येतो.

तेल अवीवजवळचा हिरियाचा डोंगर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. १९५२ पासून साचलेला तो ढीग १९९८ साली बंद झाला. त्यावरील पक्ष्यांमुळे विमानांनाही धोका होता. तो कोणा परक्याने उभारला नव्हता. घरोघरच्या पिशव्यांनीच तो उभा राहिला.

तेव्हा आमचे मत असे: पैसे द्यावेत, पण डोळे मिटून देऊ नयेत. जमाखर्च दरमहा जिन्यातील फळ्यावर लागावा. पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धांना सूट असावी. आणि काम झाले नाही, तर रक्कम परत मागण्याचा हक्क असावा.

या अटींवर ठराव पुन्हा आल्यास आमचा हात या वेळी बाजूने उठेल. वाचकहो, आपल्या इमारतीत आपला हात कोणीकडे उठेल?