उजेडाने आवाज लहान करताना

ध्वनिवर्धकाच्या दर्शनी पट्टीवर बटणे कितीही असोत, घरातील प्रत्येकाचा हात रोज ज्याला लागतो ते बटण एकच: आवाज लहानमोठा करणारे. सर्वांत आधी थकतेही तेच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेले अनेक अ‍ॅम्प्लिफायर आज माळ्यावर पडले आहेत, आणि त्यांतील बऱ्याच यंत्रांचा दोष एवढाच की बटण फिरवताच स्पीकरमधून खरखर येते, किंवा डावी बाजू मधूनच मुकी होते. बाकीचे यंत्र ठणठणीत असते. दुरुस्तीवाला फवारा मारून देतो, चार महिने बरे जातात आणि पुन्हा तेच. नव्या यंत्राचा खर्च करण्यापूर्वी या एका भागाचा विचार करावा, म्हणून आजचा लेख.

या बटणामागे असते ते पोटेन्शिओमीटर. बाजारात त्याला नुसते ‘पॉट’ म्हणतात. आत घोड्याच्या नालेसारखी कार्बनची पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची एक जीभ घासत सरकते. संगीताचा संपूर्ण प्रवाह त्या जिभेच्या टोकातून जातो. पट्टी झिजते, तिच्यावर धूळ बसते. नागपूरकरांना धुळीविषयी वेगळे सांगायला नको. एप्रिलपासून कूलर चालू झाला की धूळ आणि दमट हवा एकाच वेळी घरात येते, आणि जिभेखालचा तो सूक्ष्म संपर्क बिघडायला तेवढे पुरते.

दुसरा दोष मात्र नव्या पॉटमध्येही असतो आणि तो अधिक सूक्ष्म आहे. स्टिरिओसाठी एकाच दांड्यावर दोन पट्ट्या बसवलेल्या असतात, एक डावीकडची आणि एक उजवीकडची. त्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात. साध्या पॉटमध्ये दोहोंत ३ डेसिबलपर्यंतची तफावत उत्पादकही ग्राह्य धरतात, आणि ती सर्वाधिक जाणवते ती बटणाच्या अगदी सुरुवातीच्या भागात, म्हणजे आपण हळू आवाजात ऐकत असतो तेव्हा. पारख सोपी आहे. डॉ. वसंतराव देशपांडे यांचे एखादे जुने, एकवाहिनी म्हणजे मोनो ध्वनिमुद्रण लावावे आणि दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्यावर बसावे. गायक समोर, मधोमध बसलेला वाटला पाहिजे. आता आवाज कमी करत जावे. गायक हळूहळू एका बाजूला सरकू लागला, तर पॉटच्या दोन पट्ट्या जुळलेल्या नाहीत असे निःशंक समजावे.

हळू ऐकण्याचा हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा घातली आहे. नियम बाजूला ठेवला, तरी शेजारच्या खोलीत कोणी परीक्षेचा अभ्यास करीत असते, कोणी आजारी असते, कोणी दुपारी जरा आडवे झालेले असते. त्यामुळे गृहस्थाच्या घरातील ऐकणे बहुतांशी हळूच असते. त्यातच, आवाज लहान झाला की माणसाच्या कानाला खर्जातील स्वर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात, हे बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवले होते. जिथे कानच अपुरा पडतो, तिथे बटणाने आणखी गोंधळ घालू नये एवढी अपेक्षा रास्त आहे.

यावरचा एक उपाय हौशी मंडळींत बऱ्याच वर्षांपासून प्रचलित आहे. संगीताच्या मार्गातून घासणारी जीभ पूर्णपणे काढून टाकायची आणि तिचे काम उजेडाकडे सोपवायचे.

उजेडाने विजेचा मार्ग मोकळा होतो हे कळले ते अगदी योगायोगाने. समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलची चाचणी घेताना विलोबी स्मिथ या अभियंत्याला मोठ्या रोधाचा पदार्थ हवा होता, म्हणून त्याने सेलेनियमच्या कांड्या वापरल्या. त्यांचा रोध एकसारखा राहीना. झाकण काढून उजेड पडला की तो घसरत असे. हे निरीक्षण १८७३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १८८० मध्ये अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्याचा सहकारी टेंटर यांनी सेलेनियमच्याच साहाय्याने सूर्यकिरणांवरून मनुष्याचा आवाज २०० मीटरांहून दूर पोहोचवला. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी गॅलेना या खनिजाचा शोधक तयार केला, त्याला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले, आणि तो दृश्य प्रकाशालाही प्रतिसाद देत असे. संगीताच्या क्षेत्रात ही युक्ती १९६० च्या दशकात रुळली. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये निऑनचा छोटा दिवा आणि प्रकाशरोधक शेजारीशेजारी ठेवून स्वर थरथरता करीत. ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओतील एलए-२ए नावाचे यंत्र गायकाचा अनावर मोठा झालेला सूर याच तत्त्वावर आवरत असे. म्हणजे ही काही पोराटोरांची गंमत नव्हे.

आता घरी करायचे काय ते सांगतो. एलडीआर म्हणजे प्रकाशानुसार रोध बदलणारी वाटाण्याएवढी चकती. सायंकाळी आपोआप लागणाऱ्या दिव्यांत तीच असते आणि सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत काही रुपयांना मिळते. तिच्यावरील नागमोडी पट्टा कॅडमियम सल्फाइडचा असतो. अंधारात तिचा रोध दहा लाख ओहम किंवा अधिक, आणि अगदी जवळून एलईडीचा झोत पडला की काही शे ओहम. या पदार्थाला हिरवा-पिवळा प्रकाश सर्वांत चांगला कळतो, म्हणून हिरवी एलईडी घ्यावी. एलईडी आणि एलडीआर तोंडाला तोंड लावून त्यांवर काळी स्लीव्ह गरम करून आवळावी, दोन्ही टोके काळ्या टेपने बंद करावीत. अशा दोन जोड्या हव्यात, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी एकेक.

सीडी प्लेअरकडून आलेला संकेत प्रत्येक बाजूला आधी १० किलोओहमच्या स्थिर रेझिस्टरमधून जातो आणि मग अ‍ॅम्प्लिफायरकडे. रेझिस्टरनंतरच्या बिंदूपासून अर्थपर्यंत एलडीआर जोडायचा. त्याचा रोध कमी झाला की संकेताचा मोठा भाग अर्थकडे वळतो आणि आवाज लहान होतो. रोध २०० ओहमवर आला तर संकेत पन्नासाव्या हिश्श्याच्याही खाली जातो, म्हणजे सुमारे ३४ डेसिबलची घट होते. तेव्हा या मांडणीत उजेड वाढला की आवाज कमी होतो! प्रथम हे उलटे वाटते, पण त्यात एक लाभ दडलेला आहे. एलडीआर हा पूर्ण निर्दोष रोध नव्हे. त्याच्यावर जास्त व्होल्टेज पडले की तो संकेतात किंचित विकृती मिसळतो. इथे मात्र हळू आवाजात त्याच्यावर पडणारे व्होल्टेजच अत्यल्प असते, म्हणजे आपल्याला ज्या पातळीवर ऐकायचे त्याच पातळीवर तो सर्वाधिक सचोटीने वागतो.

दोन्ही एलईडी एकामागून एक, एकाच मार्गावर जोडाव्यात. एका मार्गातील प्रवाह दोघींतून सारखाच जाणार, त्यात पक्षपाताला जागा नाही. १२ व्होल्टचा नियंत्रित पुरवठा, त्यापुढे एलईडी जळू नयेत म्हणून ४७० ओहमचा रेझिस्टर आणि मग १०० किलोओहमचा साधा पॉट. म्हणजे पॉट गेला नाही, त्याची बदली झाली. आता त्याच्यातून संगीत जात नाही, फक्त दिव्याचा प्रवाह जातो. त्याची जीभ खरखरली तरी एलडीआर स्वभावाने इतका मंद की क्षणिक झटक्याची त्याला दखलही नसते. पुरवठा मात्र ७८१२ सारख्या रेग्युलेटरमधूनच घ्यावा, अन्यथा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकेल आणि तो कंप संगीतात उतरेल.

यात काहीही प्रवर्धन नाही, म्हणून अशा उपकरणाला पॅसिव्ह म्हणतात. सीडी प्लेअरचा संकेत सुमारे २ व्होल्ट असतो आणि बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरना त्याहून कमी पुरतो, त्यामुळे अडत नाही. अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणारी केबल मात्र मीटरभराहून लांब नसावी.

खरे कष्ट आहेत ते जोड्या जुळवण्यात. बर्डीवरील दुकानदाराकडे मी तीस एलडीआर मागितले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, एक रात्रीचा दिवा करायला इतके कशाला?” एकाच पुडीतील दोन चकत्यांच्या रोधांत दुपटीचाही फरक निघू शकतो, म्हणून. आयुष्यभर खतावण्या जुळवणाऱ्या माणसाला हे काम कंटाळवाणे वाटत नाही. प्रत्येक चकतीला क्रमांक द्यावा, त्याच एका एलईडीपुढे क्रमाने ठेवावे आणि ०.२, १, ५ व १० मिलिअ‍ॅम्पिअर अशा चार प्रवाहांवर मल्टीमीटरने रोध मोजून वहीत चार रकाने भरावेत. घाई करू नये. या पदार्थाला स्मृती असते. आधी उजेडात पडलेली चकती आणि अंधारात ठेवलेली चकती काही वेळ वेगवेगळे आकडे दाखवतात. म्हणून सर्व चकत्या आदल्या रात्री एकाच डबीत ठेवाव्यात आणि प्रत्येक आकडा स्थिरावल्यावरच लिहावा. मग चारही रकान्यांत जवळ असलेल्या दोन निवडाव्यात, आणि जोड्या आवळल्यावर पुन्हा एकदा मोजावे, कारण दोन एलईडीही अगदी सारख्या नसतात. फरक ५ टक्क्यांच्या आत राहिला, तर दोन बाजूंतील तफावत अर्ध्या डेसिबलच्याही आत येते. पॉटच्या ३ डेसिबलशी हे ताडून पाहावे.

वाचकहो, यापुढचा मुद्दा मी सर्वांत गंभीर मानतो, आणि उत्साहाच्या भरात अनेक जण तो विसरतात. या मांडणीत अंधार म्हणजे पूर्ण आवाज. आपल्याकडे अ‍ॅम्प्लिफायर इन्व्हर्टरवर आणि ही छोटी पेटी साध्या प्लगवर असणे सहज शक्य आहे. वीज गेली, दिवे विझले, एलडीआरचा रोध चढला आणि संगीत मात्र चालू, तर रात्री अकरा वाजता सारे घर दचकून उठेल. स्पीकर जाईल तो निराळाच, आणि जवळ झोपलेल्या तान्ह्या मुलाच्या कानांचा विचार आधी करावा. म्हणून पेटीत १२ व्होल्टचा एक दुहेरी रिले घालावा. वीज नसताना त्याचे जे संपर्क आपोआप मिटलेले असतात, त्यांनी दोन्ही बाजूंचे निर्गम अर्थला जोडावेत. वीज आली की ते उघडतात. रिले काही मिलिसेकंदांत पडतो, उलट एलडीआर अंधारात सावकाश वर चढतो, त्यामुळे वीज गेल्यास आधी शांतता होते. स्रोताला समोर १० किलोओहम दिसत राहतात, त्याला अपाय नाही. हा रिले घालायचा नसेल, तर हे उपकरण करूच नये.

नागपूरचा उन्हाळा ही या पेटीची दुसरी परीक्षा. पारा ४५ अंशांवर गेला की एलईडीचा उजेड थोडा उतरतो, एलडीआरचा रोधही हलतो, आणि त्याच खुणेवर आवाज हिवाळ्यापेक्षा किंचित वेगळा लागतो. दोन्ही जोड्या एकमेकींना चिकटून एकाच पेटीत असल्या की दोघी बरोबरच बदलतात, समतोल ढळत नाही. पेटी अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर मात्र ठेवू नये. तसेही कूलरच्या घरघरीत अर्ध्या डेसिबलची चर्चा करणे हास्यास्पदच. ऐकायला बसताना आमच्याकडे कूलर अर्धा तास बंद करावा लागतो आणि त्यावर घरात मतभेद आहेत.

रिमोटची सवय असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. पायरीपायरीने बदलणारा स्विच आणि निवडक स्थिर रेझिस्टर वापरून केलेले नियंत्रण मोजमापात याहून काकणभर सरसच ठरेल, हेही सांगतो. पण त्याला चांगला स्विच लागतो, तो महाग असतो आणि अखेर त्यातही संपर्क झिजतात. मला उजेडाची वाट पसंत पडली ती मुख्यतः रात्रीच्या ऐकण्यासाठी. आवाज इतका लहान, की दाराबाहेर काही कळू नये, तरीही तानपुरा दोन्ही बाजूंनी सारखा भरलेला आणि गायक जागच्या जागी. ट्रान्सफॉर्मर आणि पेटी धरून खर्च हजार रुपयांच्या आत राहिला.

एक गोष्ट राहिली. कॅडमियम विषारी आहे. युरोपने १ जुलै २००६ पासून उपकरणांतील त्याचे प्रमाण ०.०१ टक्क्यावर आणले. व्यावसायिक ध्वनियंत्रांतील अशा जोड्यांना दिलेली सवलतही २०१३ अखेर संपली. आपल्या ई-कचरा नियमांतही हीच मर्यादा आहे. बंद चकती हाताळण्याने धोका नाही, परंतु ती फोडू नये, कानशीने घासू नये, जाळू तर मुळीच नये, आणि लहान मुलांच्या हाती देऊ नये. माझ्याकडे उरलेल्या अठ्ठावीस चकत्या त्यांच्या क्रमांकांसह काचेच्या बरणीत ठेवल्या आहेत आणि बरणीवर चिठ्ठी लावली आहे. त्या घंटागाडीत जाणार नाहीत. ज्यांना जोडी जुळवायची असेल त्यांना त्यांतून देता येतील, वहीतील आकड्यांसकट. उरतील त्या अधिकृत ई-कचरा संकलकाकडे.